सातबारा नॉर्वेचा, वहिवाट सगळ्यांची

"या गावात मरायला बंदी आहे!" हा निरोप दर दोन-तीन वर्षांनी कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उगवतो. खाली बर्फात उभ्या लाल-पिवळ्या घरांचा फोटो आणि हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. गाव खरं आहे, फोटोही खरा आहे. बंदी मात्र कुणीतरी रचलेली आहे.

गावाचं नाव लाँगइयरब्येन. उत्तर ध्रुवापासून साधारण १,३०० किलोमीटरवर, स्वालबार्ड नावाच्या द्वीपसमूहातलं हे सगळ्यांत मोठं गाव. तिथं मरणाविरुद्ध कायदा नाही, असणार तरी कसा? झालंय एवढंच, की १९५० च्या सुमारास तिथल्या दफनभूमीत शवपेट्या पुरणं थांबवलं गेलं. अस्थिकलश आजही पुरता येतो. पेटीला मात्र जमीन नकार देते, आणि तो नकार समजून घेतला तर या बेटांबद्दलचं निम्मं कोडं सुटतं.

आपल्याकडे विहीर खणली की खाली पाणी लागतं. इथं खणलं की खाली लागतो दगडासारखा घट्ट, कायम गोठलेला मातीचा थर. दऱ्यांत तो शंभरेक मीटर जाड असतो, डोंगरांत चारशे-पाचशे मीटरपर्यंत. उन्हाळ्यात त्याचा वरचा मीटरभर भाग विरघळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. पाणी गोठताना फुगतं, आणि फुगताना मातीतल्या दगडांना, खांबांना, पेट्यांना खालून ढुशी देतं. पुढच्या उन्हाळ्यात बर्फ वितळलं की त्या वस्तूखालच्या पोकळीत बारीक माती घसरते, त्यामुळे वर उचललेली वस्तू पुरती खाली बसत नाही. वर्षानुवर्षं हे चाललं की पुरलेलं हळूहळू वर येतं.

ऑक्टोबर १९१८ मध्ये खाणीत कामाला म्हणून नुकतेच बोटीनं आलेले सात तरुण स्पॅनिश फ्लूनं गेले आणि त्यांना इथंच पुरलं. ऐंशी वर्षांनी, १९९८ मध्ये, शास्त्रज्ञांची एक तुकडी त्या कबरी उकरायला आली. गोठलेल्या जमिनीत देह जसेच्या तसे असतील आणि त्यांच्यात तो विषाणूही सापडेल, अशी आशा होती. पेट्या निघाल्या जेमतेम अर्ध्या मीटरवर, म्हणजे दर उन्हाळ्यात विरघळणाऱ्या थरातच. एवढी तयारी करून आलेल्यांची काय निराशा झाली असेल!

घरंही याच कारणानं खांबांवर उभी आहेत. घर थेट जमिनीवर बांधलं तर आतल्या उबेनं खालचा बर्फ वितळेल आणि घर एका कुशीवर कलंडेल. म्हणून खालून गार वारा वाहता ठेवायचा. पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळही बऱ्याच ठिकाणी जमिनीवरूनच, उबदार वेष्टनात गुंडाळून नेलेले दिसतात.

जन्माचीही तीच कथा. गावात रुग्णालय आहे, पण छोटं. त्यामुळे बाळंतपणाच्या तारखेआधी साधारण तीन आठवडे गरोदर बाईनं विमानानं नॉर्वेच्या मुख्य भूमीवर जायचं, असा शिरस्ता आहे. वृद्धाश्रम नाही, अंथरुणाला खिळलेल्याची घरी येऊन शुश्रूषा करणारी सरकारी सोय नाही. थोडक्यात, जन्म बाहेर, म्हातारपण बाहेर, आणि मधली धडधाकट, कमावती वर्षं तेवढी इथं. याचा दोष मात्र थंडीला देता येणार नाही. नॉर्वेच्याच उत्तर टोकाला कमी थंडी नाही आणि तिथं या सगळ्या सोयी आहेत. स्वालबार्डमध्ये त्या नसण्याचं कारण आहे १९२० मधला एक कागद. त्याच्याकडे येतोच, आधी नकाशा पाहू.

नॉर्वेचं उत्तर टोक आणि ध्रुव यांच्या साधारण मध्यावर, ७४ ते ८१ अंश उत्तर अक्षांशांमध्ये ही बेटं पसरली आहेत. सगळी मिळून क्षेत्रफळ सुमारे ६१,००० चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचा पाचवा हिस्सा, किंवा सोळा गोवे. त्यातली सुमारे ६० टक्के जमीन हिमनद्यांखाली. लोकवस्ती जवळजवळ सगळी स्पिट्सबर्गन या सर्वांत मोठ्या बेटावर, तीही पश्चिमेच्या फियोर्डांच्या काठी. फियोर्ड म्हणजे हिमनदीनं कोरलेली आणि नंतर समुद्रानं भरलेली खोल दरी. कोकणातल्या खाडीचा राकट, उंच कड्यांचा भाऊबंद म्हणा. संपूर्ण द्वीपसमूहावर झाड असं एकही नाही. ध्रुवीय विलो नावाचं झुडूप आहे, पण ते बोटा-दोन बोटांवर वर येत नाही.

वस्ती पश्चिमेलाच का, याचं उत्तर समुद्रात आहे. गल्फ स्ट्रीम या उबदार प्रवाहाची एक शेपटी पार इथपर्यंत येते आणि पश्चिम किनाऱ्याला घासून उत्तरेला जाते. त्यामुळे ग्रीनलंडचा याच अक्षांशावरचा किनारा गोठलेला असताना इथला समुद्र हिवाळ्यातही बऱ्यापैकी मोकळा राहतो. पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला साधारण २०० मिलिमीटर. एवढा पाऊस मुंबईत जुलैतल्या एखाद्या दिवशीच पडून जातो. बर्फानं भरलेला हा प्रदेश पावसाच्या हिशेबानं चक्क वाळवंट आहे.

आणि सूर्य. पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे ध्रुवाजवळच्या प्रदेशाला उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही आणि हिवाळ्यात उगवत नाही, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. लाँगइयरब्येनमध्ये याचा अर्थ असा: २० एप्रिलच्या सुमारास सूर्य वर आला की ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत तो क्षितिजाखाली जातच नाही. ऑक्टोबर अखेरीला तो बुडतो तो थेट फेब्रुवारीच्या मध्यावर येतो. त्यातही नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारी अखेरपर्यंत दुपारी बारालाही काळोख असतो.

पण पंचांगातला सूर्योदय वेगळा आणि गावातला वेगळा. गाव दरीत आहे आणि दक्षिणेला डोंगर, त्यामुळे फेब्रुवारीत उगवलेलं ऊन गावापर्यंत पोचायला आणखी तीन आठवडे घेतं. ८ मार्चला दुपारी पाऊणच्या सुमारास अख्खं गाव जुन्या रुग्णालयाच्या पायऱ्यांपाशी जमतं. रुग्णालय कधीच गेलं, लाकडी पायऱ्या तेवढ्या ठेवल्या आहेत. मुलांचे गाल पिवळ्या रंगानं माखलेले असतात. सगळे सूर्याच्या नावानं हाका मारतात. ढग नसले तर डोंगराच्या खांद्यावरून एक किरण येतो आणि त्या पायऱ्यांवर पडतो. कुठल्याही देवाचं नाव न घेता केलेली ही सूर्योपासनाच म्हणायची.

आता तो कागद.

१५९६ मध्ये विलेम बॅरेन्ट्स हा डच दर्यावर्दी चीनकडे जायचा उत्तरेचा मार्ग शोधत निघाला आणि त्याला टोकदार डोंगरांची ही बेटं दिसली. स्पिट्सबर्गन या नावाचा अर्थच टोकदार डोंगर. पाठोपाठ डच आणि इंग्रज आले ते देवमाशांसाठी. देवमाशाची चरबी कढवून तेल काढायचं, त्यावर युरोपातले दिवे जळायचे आणि साबण व्हायचा. डचांच्या किनाऱ्यावरच्या तळाचं नाव होतं स्मेरेनबर्ग, म्हणजे चरबीचं गाव. काही पिढ्यांत त्यांनी इथले देवमासे जवळपास संपवले. मग रशियन आणि नॉर्वेजियन शिकारी आले, वॉलरस, कोल्हे आणि अस्वलांसाठी. या सगळ्या तीनशे वर्षांत एक गोष्ट मात्र कुणाला साधली नाही: ही जमीन कायमची आपल्या नावावर लावून घेणं. राजे येत, शिकार नेत, जमीन तशीच. मूळ रहिवासीही कुणी नव्हते. ग्रीनलंडला इन्युइट आहेत, नॉर्वेच्या उत्तरेला सामी आहेत. इथं कुणाच्याच आज्याचं घर नाही.

कोळशानं चित्र बदललं. ध्रुवाजवळ कोळसा कुठून आला, हा प्रश्न रास्त आहे. साधारण सहा कोटी वर्षांपूर्वी इथली हवा बरीच उबदार होती आणि दलदलीत घनदाट झाडी होती. ती गाडली गेली, दबली आणि तिचा कोळसा झाला. आजही इथल्या दगडात रुंद पानांचे ठसे सापडतात. १९०६ मध्ये जॉन मन्रो लाँगइयर या अमेरिकन उद्योजकाच्या कंपनीनं खाणकाम सुरू केलं. गावाचं नाव त्याच्याच आडनावावरून, ब्येन म्हणजे गाव. १९१६ मध्ये स्टोरे नॉर्स्के या नॉर्वेजियन कंपनीनं हा सगळा पसारा विकत घेतला.

खाण आली की भांडण येतं. हद्द कुणाची, संप झाला तर पोलीस कुणाचे, खून झाला तर कोर्ट कुणाचं? उत्तर नव्हतं, कारण मालकच नव्हता. शेवटी पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसमध्ये सगळे टेबलाभोवती बसलेले असताना ९ फेब्रुवारी १९२० रोजी स्वालबार्ड करारावर सह्या झाल्या. १९२५ मध्ये तो अमलात आला. आज चाळीसहून जास्त देश त्यात आहेत. भारत पहिल्या दिवसापासून आहे. आपल्याला कुणी विचारलं नव्हतं अर्थात. ब्रिटिश साम्राज्याच्या वतीनं जी सही झाली, तिच्यात भारताचंही नाव होतं.

करार थोडक्यात सांगायचा तर सातबारा नॉर्वेच्या नावावर, वहिवाट सगळ्यांची. सार्वभौमत्व नॉर्वेचं: कायदा त्यांचा, पोलीस त्यांचे, राज्यपालासारखा अधिकारी ते नेमतात. पण करारातल्या कुठल्याही देशाच्या माणसाला इथं येऊन मासेमारी, शिकार, खाणकाम, व्यापार करायचा नॉर्वेजियन माणसाइतकाच हक्क. युद्धासाठी या जमिनीचा वापर करायचा नाही. आणि करांबद्दलचं कलम: इथं गोळा केलेला कर इथल्याच कारभारावर खर्च करायचा, ओस्लोला न्यायचा नाही.

या शेवटच्या कलमाचा परिणाम फार दूरवर गेला. कर बाहेर नेता येत नाही, म्हणून तो जास्त लावण्यात अर्थ नाही. साध्या पगारावर ८ टक्के आयकर आणि वर सामाजिक विम्याची वर्गणी. दुकानातल्या वस्तूंवर व्हॅट नाही. नॉर्वेच्या मुख्य भूमीच्या मानानं हे फारच स्वस्तातलं. पण नॉर्वेतला भक्कम सरकारी आधार ज्या भरमसाट करांवर उभा आहे, तेच इथं नाहीत. म्हणून तो आधारही नाही. कारभाराचा खड्डा ओस्लोचं सरकार दरवर्षी स्वतःच्या तिजोरीतून भरतं, पण इथं माणसांनी कायमची मुळं धरावीत असा त्या सरकारचा आग्रह नाही. उलट, धरू नयेत हेच धोरण आहे. वृद्धाश्रम का नाही, याचं उत्तर इथं मिळतं.

दुसरा परिणाम आपल्या लोकांना जास्त आवडतो: व्हिसा लागत नाही. भारतीय माणसानं स्वालबार्डमध्ये जाऊन राहायला आणि नोकरी करायला परवाना लागत नाही, हे खरं आहे. तिकीट काढण्याआधी दोन गोष्टी मात्र ऐकून घ्या. विमान नॉर्वेहून जातं, त्यामुळे वाटेत शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून असलेला एकच व्हिसा, लागतोच. स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर असल्यामुळे परत येताना तो पुन्हा लागतो, म्हणजे दोनदा प्रवेशाचा घ्यावा लागतो. आणि तिथं पोचल्यावर स्वतःचं पोट स्वतः भरता आलं पाहिजे. पैसे संपले, छप्पर नसलं, तर सिसेलमेस्टर, म्हणजे तो राज्यपाल, परत पाठवू शकतो. दार सगळ्यांना उघडं, पण आत पडलात तर उचलायला कुणी नाही.

तरी लोक येतात. सगळ्या बेटांवर मिळून अडीच ते तीन हजारांची वस्ती, त्यातले बहुतेक लाँगइयरब्येनमध्ये. एवढ्याशा गावात पन्नासच्या आसपास देशांची माणसं आहेत. एक तृतीयांशाहून जास्त लोक नॉर्वेजियन नाहीत. थाई आणि फिलिपिनो यांची संख्या सगळ्यांत डोळ्यांत भरणारी. थाई वस्तीची सुरुवात नॉर्वेजियन खाणकामगारांशी लग्न करून आलेल्या बायकांपासून झाली असं सांगतात. मग बहीण आली, भाचा आला, दुकान निघालं. आज ७८ अंश उत्तरेला थाई मसाले आणि फिश सॉस मिळतं. हॉटेलांतली साफसफाई, स्वयंपाकघरं, दुकानं यांतली बरीचशी कामं हीच माणसं करतात. २०२२ मध्ये मात्र नियम बदलला. मुख्य भूमीवर तीन वर्षं राहिल्याशिवाय परदेशी नागरिकाला स्थानिक परिषदेच्या निवडणुकीत मत देता येत नाही. दहा-दहा वर्षं इथंच घाम गाळलेल्यांचं मत एका फटक्यात गेलं. सगळ्यांना समान वागणूक देणाऱ्या कराराच्या गावात हे घडावं, हे मला खटकतं.

राहायचं कुठं, हाही प्रश्न सोपा नाही. बहुतेक घरं कंपन्यांची किंवा सरकारी खात्यांची, नोकरीबरोबर मिळणारी. नोकरी सुटली की घर सुटलं. खाणीच्या काळात हे आणखी पक्कं होतं. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, खानावळ कंपनीची, आणि कित्येक वर्षं व्यवहारातल्या नोटाही कंपनीनं छापलेल्या.

त्या काळाच्या दोन खुणा अजून टिकून आहेत. एक, कुठंही आत शिरताना जोडे दाराशी काढायचे. कामगारांच्या बुटांबरोबर कोळशाची भुकटी आत येऊ नये म्हणून ही रीत पडली. खाणी गेल्या तरी हॉटेलात, संग्रहालयात बुटांची रांग दाराशी असतेच. आपल्याला यात काही नवल वाटणार नाही, पण युरोपातल्या पाहुण्यांना हॉटेलात मोज्यांवर फिरताना अवघडल्यासारखं होतं. दुसरी खूण म्हणजे दारूचं रेशनकार्ड. रहिवाशाला महिन्याला बिअरचे २४ कॅन आणि कडक दारूच्या दोन बाटल्या. वाइनला मात्र असं मोजमाप नाही. कारण? कामगार प्यायचे बिअर आणि व्होडका, वाइन प्यायचे साहेब. रेशन कुणाला लावायचं हे ठरवणारेही साहेबच.

करारातल्या समान हक्काचा खरा वापर करणारा नॉर्वेखेरीजचा मोठा देश एकच, रशिया. बॅरेन्ट्सबर्ग हे खाणगाव सोव्हिएत कंपनीनं १९३२ मध्ये डचांकडून घेतलं. लाँगइयरब्येनपासून ते पन्नासेक किलोमीटरवर आहे आणि मध्ये रस्ता नाही. उन्हाळ्यात बोट, हिवाळ्यात स्नोमोबाइल. १९८० च्या दशकात या नॉर्वेजियन भूमीवर सोव्हिएत माणसं नॉर्वेजियनांपेक्षा जास्त होती. चौकात लेनिन, सार्वजनिक पोहण्याचा तलाव, गाईंचे गोठेसुद्धा. कोळशातून नफा होत होता असं नाही. झेंडा रोवलेला राहावा म्हणून माणसं ठेवायची आणि माणसं ठेवायची म्हणून खाण चालवायची, असा उलटा हिशेब होता. लपवायचं काय, नॉर्वेचाही तोच होता.

मग सोव्हिएत संघ मोडला, पैसा आटला. ऑगस्ट १९९६ मध्ये खाणकामगार आणि त्यांच्या घरच्यांना आणणारं रशियन विमान लाँगइयरब्येनजवळच्या डोंगरावर आदळून १४१ जण गेले. त्या दुःखातून पिरामिडेन हे दुसरं रशियन गाव सावरलंच नाही. मार्च १९९८ मध्ये तिथं शेवटचा कोळसा निघाला आणि गाव रिकामं झालं. सभागृहात पियानो आणि बाहेर फियोर्डकडे तोंड करून लेनिनचा पुतळा, एवढं उरलं. बॅरेन्ट्सबर्ग अजून चालू आहे. तिथल्या कामगारांत युक्रेनच्या डोनबासमधले बरेच. २०२२ च्या युद्धानंतर एकाच खानावळीत कोण कुणाशेजारी बसत असेल, याची कल्पना करून पाहा.

युद्धासाठी वापर नको, असं लिहिलेल्या या बेटांना दुसऱ्या महायुद्धानं सोडलं नव्हतंच. सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन युद्धनौकांनी इथल्या वस्त्यांवर तोफा डागल्या. हवामानाच्या नोंदी घेण्यासाठी जर्मनांनी इथं लपवलेल्या एका तुकडीनं सप्टेंबर १९४५ मध्ये शरणागती दिली. युरोपात युद्ध संपून चार महिने झाले होते!

करारात जे लिहिलेलं नाही, त्यावर आता भांडण आहे. १९२० मध्ये किनाऱ्यापासून दूरच्या समुद्रतळावर कुणाचा हक्क, हा विचारच कुणाच्या डोक्यात नव्हता. आज त्या तळावर खेकडे आहेत आणि कदाचित खनिजंही. नॉर्वे म्हणतो, समान हक्क बेटांपुरता आणि लगतच्या पाण्यापुरता. युरोपीय संघाला ते मान्य नाही. २०२३ मध्ये लॅटव्हियाच्या एका कंपनीच्या खेकड्यांच्या खटल्यात नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयानं नॉर्वेच्याच बाजूनं निकाल दिला. त्याच्या पुढच्याच वर्षी खासगी मालकीचा एक मोठा भूखंड, सोरे फागरफियोर्ड, ३० कोटी युरोंना विकायला निघाला. सरकारच्या परवानगीशिवाय व्यवहार होणार नाही, असं ओस्लोनं तत्काळ बजावलं. वहिवाट सगळ्यांची असली तरी सातबाऱ्यावरचं नाव बदलू द्यायला ते तयार नाहीत.

कोळशाचा काळ आता नॉर्वेच्या बाजूनं संपला आहे. गावाचं वीजघर शतकभर आपल्याच डोंगरातल्या कोळशावर चालायचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते बंद झालं आणि वीज डिझेलवर आली. ज्या गावाच्या अंगणात कोळसा, ते गाव बोटीनं डिझेल आणतंय. प्रदूषण कमी झालं, बिलं मात्र वाढली. जून २०२५ च्या अखेरीस सात क्रमांकाची शेवटची नॉर्वेजियन खाण बंद झाली. डोंगराच्या कुशीत तारेवरून कोळशाच्या बादल्या नेणारे लाकडी मनोरे अजून गावभर उभे आहेत. ते तोडत नाहीत, वारसा म्हणून जपतात.

मग पोट कशावर? पर्यटन, संशोधन आणि आकाश. आकाशाचं आधी सांगतो, कारण ते कमी लोकांना माहीत असतं. हवामान, शेती, बर्फ यांचे फोटो काढणारे बरेच उपग्रह ध्रुवावरून ध्रुवावर फिरतात, दिवसातून साधारण १४ फेऱ्या. खाली पृथ्वी फिरत असते, त्यामुळे विषुववृत्ताजवळच्या केंद्राच्या डोक्यावरून त्यातल्या मोजक्याच फेऱ्या जातात. ध्रुवाजवळ मात्र सगळ्या कक्षा एकत्र येतात, रहाटाच्या आऱ्या मध्यावर याव्यात तशा. म्हणून लाँगइयरब्येनवरच्या पठारावर पांढऱ्या घुमटांचं एक रानच उगवलं आहे. १९९७ पासूनचं हे केंद्र प्रत्येक फेरीत माहिती उतरवून घेऊ शकतं. तिच्यासाठी समुद्रतळावरून दोन केबल टाकल्या आहेत. त्यातली एक जानेवारी २०२२ मध्ये नादुरुस्त झाली, तेव्हा सगळ्यांच्या पोटात गोळा आला होता.

पर्यटक येतात अस्वल पाहायला. अस्वलं बेटांवर तीनशेच्या आसपास, म्हणजे दिसण्याची खात्री नाही. वस्तीबाहेर पडताना अस्वलाला हुसकावण्याची साधनं जवळ ठेवणं सक्तीचं, आणि बहुतेक जण बंदूकही घेतात. गावात दारं सहसा कुलपाविना असतात. अस्वल दिसलं तर कुणालाही कुठल्याही घरात शिरता यावं, हे त्यामागचं एक कारण सांगतात. २०२५ पासून नियम कडक झाले. अस्वलापासून किमान ३०० मीटर आणि वसंत ऋतूत ५०० मीटर लांब राहायचं, संरक्षित भागात २०० हून जास्त प्रवाशांचं जहाज न्यायचं नाही.

कडकपणा हवाच आहे, कारण पायाखालची जमीन खरोखर सरकते आहे. जगाच्या सरासरीच्या सहा-सात पट वेगानं हा प्रदेश तापतोय. २५ जुलै २०२० ला लाँगइयरब्येनमध्ये २१.७ अंशांची नोंद झाली, आजवरचा उच्चांक. हिवाळ्यात बर्फावर पाऊस पडतो, त्याचं काचेसारखं कवच बनतं आणि रेनडिअरला खालचं शेवाळ उकरता येत नाही. १९ डिसेंबर २०१५ ला गावाला लागून असलेल्या डोंगरावरून हिमकडा कोसळला. ११ घरं जागची हलली, दोघं गेले. त्यानंतर डोंगरउतारावर हिम अडवणारी कुंपणं आली आणि धोक्याच्या पट्ट्यातली घरं पाडली गेली.

याच डोंगरांपैकी एकात, सव्वाशेक मीटर आत, जगाची बियाण्यांची तिजोरी आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये ती उघडली. उणे १८ अंशांत १३ लाखांहून जास्त वाणांचे नमुने. वीज गेली तरी गोठलेला डोंगर बियाणं बराच काळ थंड राखील, ही त्यामागची मेख. २०१६ च्या उबदार हिवाळ्यात बोगद्याच्या तोंडाशी पाणी शिरलं, बियाण्यांना धक्का लागला नाही, पण दुरुस्तीचा मोठा खर्च झाला. ही तिजोरी बँकेतल्या लॉकरसारखी चालते: पेटी ज्यानं ठेवली त्याचीच, इतर कुणी उघडायची नाही. सीरियातल्या युद्धामुळे अलेप्पोच्या बीजसंग्रहाशी संबंध तुटला, तेव्हा तो संग्रह सांभाळणाऱ्या संस्थेनं २०१५ मध्ये इथल्या आपल्या पेट्या परत मागवल्या. मोरोक्को आणि लेबनॉनमध्ये पेरून नवं बियाणं केलं आणि २०१७ पासून पुन्हा आणून ठेवलं. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेनंही इथं एक लाखाहून जास्त नमुने ठेवले आहेत. कुठले? ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर, भुईमूग. आपल्या भाकरीचं आणि आमटीचं बियाणं ध्रुवाच्या वाटेवर गोठवून ठेवलेलं आहे.

आपला दुसरा धागा गोव्यातून जातो. वास्कोच्या हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. तिथून २००७ मध्ये भारताची पहिली आर्क्टिक मोहीम निघाली आणि १ जुलै २००८ ला नी-ऑलेसुन या वस्तीत 'हिमाद्री' हे केंद्र सुरू झालं. नी-ऑलेसुनही एकेकाळी खाणगावच. १९२६ मध्ये नॉर्वेजियन ध्रुवप्रवासी अमुंडसेनचं हवाईजहाज ध्रुवाकडे इथूनच उडालं, ते बांधायचा मनोरा अजून उभा आहे. नोव्हेंबर १९६२ मध्ये खाणीतल्या स्फोटात २१ माणसं गेली, त्यावरून पुढच्या वर्षी नॉर्वेचं सरकार पडलं आणि खाण कायमची मिटली. आता तिथं फक्त संशोधन. दहाएक देशांची केंद्रं. हिवाळ्यात तीस-चाळीस माणसं, उन्हाळ्यात शंभरावर.

ध्रुवाशी आपलं काय नातं, असं कुणी विचारेल. इथलं बर्फ कमी झालं की वरच्या हवेचे प्रवाह बदलतात आणि त्याचा धागा मान्सूनपर्यंत येतो का, हे शोधणं चालू आहे. बॅरेन्ट्स आणि कारा समुद्रांतलं उन्हाळी बर्फ घटणं आणि आपल्याकडे सप्टेंबरच्या अखेरीस होणारी अतिवृष्टी यांच्यात संबंध असू शकतो, असं वास्कोच्याच केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये मांडलं. त्यासाठी मोजमाप हवं. २०१४ पासून कॉंग्सफियोर्डच्या पाण्यात, १९२ मीटर खोलीवर 'इंडआर्क' नावाची उपकरणांची साखळी सोडलेली आहे. ती पाण्याचं तापमान, क्षारता, प्रवाह यांच्या नोंदी घेत राहते.

डिसेंबर २०२३ पर्यंत आपली माणसं उन्हाळ्यातच जात. त्या महिन्यात पहिली हिवाळी तुकडी गेली. हिमाद्रीची इमारत भारताची नाही, ती गाव चालवणाऱ्या नॉर्वेजियन सरकारी कंपनीकडून भाड्यानं घेतलेली आहे. जेवण सगळ्या देशांचं एकाच खानावळीत. मोबाइलचं वायफाय आणि ब्लूटूथ बंद, कारण जवळच्या दुर्बिणीला दूरच्या आकाशातल्या क्षीण रेडिओ लहरी ऐकायच्या असतात. वास्कोचा दमट उकाडा सोडून आलेला माणूस दुपारी बाराच्या अंधारात डोक्यावर दिवा लावून उपकरणांवरचं हिम झटकतो, वहीत आकडे लिहितो आणि जेवायची वेळ झाली की बूट दाराशी काढून आत जातो.